दुपारी सौर वीज इतकी स्वस्त असते, मग संध्याकाळी एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक खरेदी-विक्रीच्या बाजारात, तीच वीज १० रुपये युनिट का होते?

कारण एक्सचेंजवर सगळ्यांना एकच भाव मिळतो, आणि मागणी पुरी करायला जो सर्वांत महाग विक्रेता घ्यावा लागतो तो हा भाव ठरवतो. इंडियन एनर्जी एक्सचेंजच्या 'डे अहेड' बाजारात (इथे उद्याची वीज आज विकली जाते) दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग असतात आणि प्रत्येकाचा लिलाव वेगळा. सौर प्रकल्पाला इंधनाचा खर्च नाही, म्हणून तो जवळपास शून्याला बोली लावू शकतो. दुपारी अशा बोल्या भरपूर, त्यामुळे भाव पडतो. सूर्य मावळला की घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू आणि सौर वीज बंद. मग शेवटचे युनिट महागड्या कोळशाचे किंवा गॅसचे असते, आणि टंचाईत भाव थेट केंद्रीय वीज नियामक आयोगाने घातलेल्या कमाल मर्यादेला भिडतो. २०२३ पासून ती १० रुपये आहे.

यात खरी गोची सौर उत्पादकाचीच: जितके जास्त प्रकल्प, तितका दुपारचा भाव कमी, म्हणजे तो स्वतःचाच माल स्वस्त करतो. बॅटरी आणि उदंचन जलविद्युत प्रकल्पांना (स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे, नंतर ते सोडून वीज बनवायची) त्यामुळे अर्थ येतो. दुपारी साठवा, रात्री विका.

मात्र हे थेट तुमच्या बिलाला लावू नका. देशातली बहुतेक वीज अजूनही दीर्घकालीन करारांतून, आधी ठरलेल्या दराने किंवा सूत्राने विकली जाते. महावितरणचे दरही राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, एक्सचेंज नाही.