मूळ फाइलला हात लावू नका : युद्धगुन्ह्यांच्या पुराव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

युद्धाच्या बातम्यांत ‘पुरावे गोळा केले जात आहेत’ असं आपण रोज ऐकतो. ते कोण गोळा करतं, कसं जपतं, आणि त्यात पत्रकारांचं काम काय, यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहे.

सैनिक निःशस्त्र लोकांना गोळ्या घालतानाचे व्हिडिओ येतात. सरकार म्हणतं खोटा, विरोधक म्हणतात खरा. दूर बसलेले पत्रकार ते ठरवतात कसं? (पुणे)

एकच प्रकरण नीट सांगतो. जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला. गणवेशातले सैनिक दोन बायका आणि दोन मुलांना एका पायवाटेने नेतात आणि गोळ्या घालतात. मुलांपैकी एक तान्हं, आईच्या पाठीवर बांधलेलं. हे सैनिक आमचे नव्हेत, ही ‘फेक न्यूज’ आहे, असं म्हणून कॅमेरून या आफ्रिकी देशाच्या सरकारने हात झटकले.

बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या चमूने चेहऱ्यांआधी मागची डोंगररांग पाहिली. तिची चढउताराची रेघ उपग्रह नकाशावर जुळवण्याचा प्रयत्न केला, पण काही केल्या जुळेना. शेवटी कॅमेरूनमधल्याच एका माणसाने झेलेवेत गावाजवळ बघा असं सुचवलं, आणि तिथे रेघ बरोबर बसली. हे मुद्दाम सांगतो, कारण संगणक कितीही असले तरी तो मुलूख पायाखालून घातलेल्या माणसावाचून हे काम पुढे सरकत नाही.

मग तारीख. व्हिडिओत दिसणारी एक भिंत नोव्हेंबर २०१४ च्या उपग्रह छायाचित्रात नव्हती, मार्च २०१५ च्या छायाचित्रात होती. दुसरी एक इमारत फेब्रुवारी २०१६ नंतर दिसत नव्हती. ती पायवाट फक्त जानेवारी ते एप्रिल या कोरड्या दिवसांतच उमटते. उरलं ते सैनिकांच्या सावल्यांवरून काढलं : २० मार्च ते ५ एप्रिल २०१५. सरकारला आपलं म्हणणं बदलावं लागलं, आणि २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची कैद सुनावली.

यातला कुठलाही टप्पा तुम्ही स्वतः पुन्हा करून पाहू शकता. पत्रकारावर विश्वास ठेवा, असं इथे कोणी म्हणत नाही. मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

असे व्हिडिओ फेसबुक-यूट्यूबवरून काढून टाकले तर? स्क्रीनशॉट घेतला की भागतं का? (पत्रकारितेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

भागत नाही. स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो, आणि समोरचा वकील पहिला तोच मुद्दा काढतो.

काढून टाकण्याची भीती मात्र खरी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने हिंसक मजकूर हटवताना सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ उडवले. टिपणारे काही जण तोवर मारलेही गेले होते, म्हणजे पुन्हा मागायचीही सोय नाही. ‘सीरियन अर्काइव्ह’ हा गट २०१४ पासून हेच व्हिडिओ उतरवून ठेवत होता, म्हणून पुष्कळसे वाचले.

पद्धत पंचनाम्यासारखी आहे. व्हिडिओ मिळेल त्या सर्वोत्तम दर्जात उतरवायचा. पानाचा पत्ता, टाकणाऱ्या खात्याचं नाव, वेळ, खालचा मजकूर सगळं सोबत ठेवायचं. लगेच फाइलचा हॅश, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा, काढायचा. एसएचए-२५६ पद्धतीने फाइलमधून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ निघते. व्हिडिओतला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. मूळ फाइल बंद ठेवायची, काम फक्त प्रतीवर करायचं. कोणी, कधी, कशासाठी उघडली याची नोंदवही असायलाच हवी. हॅश मात्र फाइल बदललेली नाही एवढंच सांगतो. दृश्य खरं की रचलेलं, हे त्यावरून कळत नाही.

कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलं की फाइल आकाराने लहान केली जाते, दर्जा घसरतो आणि तिच्यात दडलेली वेळ-ठिकाणाची नोंद (मेटाडेटा) जाते. शक्य असेल तर मेमरी कार्डच मिळवा.

संयुक्त राष्ट्रांचं मानवी हक्क कार्यालय आणि बर्कले विद्यापीठाने डिसेंबर २०२० मध्ये ‘बर्कले प्रोटोकॉल’ ही डिजिटल पुराव्यांच्या तपासाची नियमावली काढली, त्यात हे सगळं आहे. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. तेव्हा ही सवय तुम्हाला जिल्हा न्यायालयातल्या बातमीलाही उपयोगी पडेल.

पत्रकाराने कोर्टात साक्ष द्यावी का? (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, नागपूर)

बोस्नियाच्या युद्धाने याची दोन उत्तरं दिली. ऑगस्ट १९९२ मध्ये बोस्नियन सर्बांनी कैदी डांबलेल्या ओमार्स्काच्या छावणीत पोहोचलेले ‘गार्डियन’चे एड वल्यामी पुढे हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात साक्षीला उभे राहिले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे जोनाथन रँडल यांनी तिथेच ब्रजानिन या बोस्नियन सर्ब नेत्याच्या खटल्यात साक्ष नाकारली. पत्रकार हा सरकारी पक्षाचा साक्षीदार आहे असं दिसलं, तर उद्या त्याच्याशी कोणी बोलणार नाही आणि त्याच्या जिवालाही धोका, असा त्यांचा मुद्दा. डिसेंबर २००२ मध्ये अपील पीठाने तो बऱ्याच अंशी मान्य केला : माहिती खटल्याच्या गाभ्याशी थेट आणि महत्त्वाची असेल, आणि दुसरीकडून मिळण्यासारखी नसेल, तरच युद्धवार्ताहराला सक्तीने बोलवावं.

मला हा निकाल बरोबर वाटतो. सक्ती नको. छापून आलेलं साहित्य मात्र प्रत्येक कोर्टाला खुलं असावं, आणि नाव लपवण्याचा शब्द दिलेल्या माणसाला कुठल्याही कोर्टासाठी उघडं पाडू नये.

मोबाइल नव्हते तेव्हा हे कसं व्हायचं? (बेळगाव)

तुमच्याच गावात जन्मलेल्या माणसाचं उदाहरण देतो. अँथनी मस्करेन्हस, गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले, वाढले कराचीत. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवलं. सगळं आलबेल आहे असं लिहावं म्हणून. बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मस्करेन्हस बहीण आजारी असल्याचं निमित्त करून लंडनला गेले, ‘संडे टाइम्स’ला बातमी सांगितली आणि परत कराचीला आले. कुटुंब देशाबाहेर पडल्यावर स्वतः अफगाणिस्तानच्या सीमेवरून निसटले. लष्कराने तिथे चालवलेल्या कत्तलीवरचा त्यांचा लेख १३ जून १९७१ ला छापून आला.

त्यांच्याकडे छायाचित्रांचा ढीग नव्हता. ठिकाण, दिवस, अधिकाऱ्याचा हुद्दा, त्याचे शब्द, आणि कोमिल्लाच्या सर्किट हाऊसच्या आवारात कानांनी ऐकलेल्या मारल्या जाणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या, एवढं होतं. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला सांगितलं’ यांची सरमिसळ न करता त्यांनी लिहिलं, म्हणून तो लेख आजही खोडता येत नाही.

वृत्तवाहिनीत असं चित्रीकरण दिवसभर पाहावं लागतं. अत्याचार झालेल्या बायकांशी बोलायची वेळही येते. काय सांभाळावं? (ठाणे)

आधी त्यांचं. समोरच्या बाईने आधी कोणाला जबानी दिली आहे का, ते विचारा. दिली असेल तर सगळं पुन्हा वदवून घेऊ नका. दर वेळी तिला ते पुन्हा भोगावं लागतं, शिवाय दोन जबान्यांत तपशील जरासा इकडेतिकडे झाला की बचावाचा वकील तेवढ्यावर तिला खोटी ठरवतो. इसिसच्या अत्याचारांतून वाचलेल्या नादिया मुराद यांच्या नावाची ‘मुराद संहिता’ २०२२ मध्ये आली, तिचा रोख हाच आहे. संमती घेताना चित्रीकरण कुठे ठेवणार, कोण बघणार, कोर्टात जाऊ शकतं का, हे तिच्या भाषेत सांगा आणि नकार आला तर कॅमेरा बंद करा.

आता तुमचं. पहिल्यांदा पाहताना आवाज बंद ठेवा. मनात चित्रापेक्षा आवाज खोल रुततो, असं हे काम करणारे अनेक जण सांगतात. पडद्यावरची व्हिडिओची खिडकी लहान करा. डोंगर किंवा पाटी जुळवायची असेल तर पडद्यावर दिसणाऱ्या मृतदेहावर कागद लावा. फाइलच्या नावातच ‘मृतदेह’, ‘लहान मूल’ असं लिहा, म्हणजे पुढच्या सहकाऱ्याला उघडण्याआधी कळेल. आणि रात्रपाळीला हे काम एकट्याला देऊ नका, असं संपादकांना लेखी कळवा.