लँड क्रूझर 79 पिकअपचं पुढचं एकच हब हात लागणार नाही इतकं तापतं. बेअरिंग नवी टाकली तरी तेच. कारण कसं शोधायचं?

बेअरिंगचा दुसरा जोड आणू नका. आधी उष्णता कुठे तयार होते ते शोधा. संशय तीन जागांवर घ्यायचा: ब्रेक, दोन टेपर बेअरिंग आणि स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतो त्या पोकळ, स्थिर दांड्याच्या) आतला गनमेटलचा बुश.

दोन्ही लॉकिंग हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडवणारे) ‘फ्री’वर ठेवून टू-व्हीलमध्ये मोकळ्या रस्त्यावर 15-20 कि.मी. चालवा. शेवटी ब्रेक जवळजवळ न लावता गाडी थांबवा आणि डावं-उजवं ताडून बघा. चकचकीत डिस्कवर इन्फ्रारेड थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, म्हणून काळपट भागावर धरा. डिस्क जास्त गरम असेल तर ब्रेक धरतोय. डिस्क कोमट आणि हबचा मध्य गरम असेल तर बेअरिंग. ‘फ्री’वर ठीक, पण ‘लॉक’ केल्यावरच तापत असेल तर बुश कोरडा आहे, कारण शाफ्ट स्थिर स्पिंडलच्या आत तेव्हाच फिरतो.

नव्या बेअरिंगनंतरही तक्रार राहिली की मला पहिला संशय ब्रेकचा येतो. चाक जड फिरत असतानाच गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा. मास्टर सिलिंडरवरचा पाइप जरा सैल करा. चाक मोकळं फिरलं तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पुशरॉडला (पेडलकडून सिलिंडर दाबणाऱ्या दांडीला) मोकळीक नसल्याचा. नाही सुटलं तर पाइप घट्ट करून कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीड निपल उघडा. आता सुटलं तर रबरी होज आतून फुगलाय: पेडलच्या जोराने ऑईल पुढे जातं, पण परत येत नाही. तरीही जड असेल तर पिस्टन अडकलेत. कॅलिपरचे चारही पिस्टन बघा, एकच अडकला तरी पुरतो. नंतर ब्रेक ब्लीड करायलाच (आत शिरलेली हवा काढायलाच) हवेत.

बेअरिंगच ठरलं तर बहुधा नट जास्त आवळलेला असतो. 54 मि.मी.च्या सॉकेटने, हब फिरवत, आतला नट आवळून बेअरिंग बसवा, मग सैल करून हलकाच लावा आणि व्हील स्टडला स्प्रिंग काटा अडकवून प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब, हब फिरवायला लागणाऱ्या जोराने मोजतात तो) मॅन्युअलशी जुळवा. बाहेरचा लॉकनट आवळताना आतला नट थोडा आत ढकलला जातो आणि प्रीलोड वाढतो, म्हणून माप लॉकनट लावल्यावर पुन्हा घ्या. हे दुसरं माप बरेच जण घेत नाहीत.

ग्रीस रोलरांच्या आत दाबून भरा, पण हबची पोकळी गच्च भरू नका. घुसळलेलं ग्रीसही तापतं. ते दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, ऑईल सील बदला.