ऊन लागून तीन आठवडे झाले, तरी जरा उन्हात गेलं की गरगरतं. काय करू?

हे मनाचे खेळ नाहीत. एकदा ऊन बाधलं की पुढे काही दिवस, कधी काही आठवडे, शरीर उष्णतेपुढे लवकर हात टेकतं. मला अकोल्यात मे महिन्यात बाधलं होतं. त्यानंतर गॅसपाशी चार पोळ्या लाटल्या तरी कानशिलं तापायची, पोटात ढवळायचं. जरा बरं वाटलं म्हणून भर दुपारी स्कूटर काढली आणि पुन्हा दोन दिवस आडवी!

मग हळूहळू सुरुवात केली. सकाळी सातच्या आत दहा मिनिटं चालायचं, दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. गरगरलं की तिथेच सावलीत बसायचं, मानेवर ओला पंचा. उष्णता अंगवळणी पडायला निरोगी माणसालाही एक-दोन आठवडे लागतात. दिवसभर एसीत बसलात तर ती पडतच नाही.

घाम खूप आला तर नुसतं पाणी ढोसू नका. लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. (बीपी असेल तर मिठाचं आधी विचारा.) खिशातला कांदा आजीच्या समाधानासाठी ठेवा, बाकी उपयोग शून्य.

तीन आठवडे झालेत, तर एकदा डॉक्टरांना दाखवाच. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही ऊन सोसत नाही. मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नका. अंग भट्टीसारखं तापून माणूस बरळू लागला, तर थेट 108.