पहिलं जीपीएस घड्याळ घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: तीन हजारांच्या स्मार्टवॉचच्या खोक्यावरही जीपीएस लिहिलेलं असतं. मग धावण्याच्या घड्याळाला वीस हजार कशाला मोजायचे? (नाशिक)

खोक्यावरचा त्याच्या आधीचा शब्द वाचा. ‘कनेक्टेड जीपीएस’ म्हणजे घड्याळात जीपीएसची चिप नाही, ते तुमच्या फोनचं जीपीएस उसनं घेतं. फोन घरी राहिला की हे घड्याळ नुसती पावलं मोजतं आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधतं. तुम्हाला हवं ते ‘बिल्ट-इन’ किंवा ‘स्टँडअलोन’ जीपीएस. खोक्यावरून उलगडा होत नसेल तर दुकानातच फोनचं ब्लूटूथ बंद करा, घड्याळावर धावण्याचा मोड लावा आणि फोन आत ठेवून रस्त्यावर चार-पाचशे मीटर चालून या. नंतर अ‍ॅपमध्ये नकाशावर रेषा उमटली तर चिप आहे. नुसतं अंतर आलं, नकाशा कोरा, तर नाही.

एक मात्र खरं. आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर धावता आणि फोन कमरेच्या पट्ट्यात असतोच, तर फोनवरचं एखादं मोफत अ‍ॅप पुरे. वेग ठरवून धावायचं असेल, इंटर्व्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून धावणं) करायचे असतील, तेव्हा मनगटावर आकडे लागतात. तोवर ते पैसे चांगल्या बुटांवर घाला.

प्रश्न: गार्मिन फोररनर ५५ घ्यावं, १६५ घ्यावं की कोरोस पेस ३? ऑक्टोबरपासून हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू करायची आहे. (ठाणे)

तिन्ही घड्याळांत स्वतःचं जीपीएस आहे आणि तिन्ही हाफसाठी पुरून उरतात. फरक इतर गोष्टींत आहे.

फोररनर ५५ हे २०२१चं. वजन ३७ ग्रॅम, सलग जीपीएस लावून २० तास चालतं. पडदा साधा एमआयपी, म्हणजे दिसायला फिका, पण भर उन्हात स्वच्छ वाचता येतो. टचस्क्रीन नाही, पाच बटणं आहेत. ही उणीव वाटेल, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात, घामेजल्या बोटांनी लॅप (धावेचा एक टप्पा) मारायचा असतो तेव्हा बटणच कामाला येतं. ५५ची खरी उणीव म्हणजे त्यात हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर नाही. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारख्या चढावर किती मीटर चढलो याचा धावतानाचा आकडा त्यावर भरवशाचा नसतो. अ‍ॅपमध्ये नंतर नकाशावरून उंची दुरुस्त करता येते, तेवढंच.

फोररनर १६५ हे २०२४चं. यात बॅरोमीटर आहे आणि झळझळीत अ‍ॅमोलेड पडदा आहे. टच आहे, शिवाय पाच बटणंही आहेत. जीपीएसवर साधारण १९ तास चालतं. पडदा कायम चालू ठेवला तर बॅटरी लवकर उतरते.

पेस ३ हे २०२३चं. नायलॉनच्या पट्ट्यासह ३० ग्रॅम, जीपीएसवर ३८ तास, शिवाय ड्युअल फ्रिक्वेन्सी, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणं. उंच इमारतींवर आदळून उलटलेला सिग्नल खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि रेषा वाकडी होते. दोन फ्रिक्वेन्सींची तुलना झाली की हा गोंधळ बराच ओळखता येतो. बॅटरी मात्र त्या मोडमध्ये निम्म्याहून कमी चालते.

आमचं मत: सपाट रस्त्यावरच्या पहिल्या हाफसाठी ५५ पुरे. घाटात नेमानं जात असाल तर १६५. पेस ३ कागदावर सर्वांत भारी आहे, पण तुमच्या गावात दुरुस्ती-बदलीची सोय आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न: हाफ मॅरेथॉनच्या शर्यतीत माझ्या घड्याळानं २१.४ किलोमीटर दाखवलं. आयोजकांनी मार्ग चुकीचा मोजला का? २ तासांत संपवायचं होतं, घड्याळावर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांचा (५:४१) वेग धरला होता, तरी दीड मिनिट उशीर झाला. (प्रभादेवी, मुंबई)

मार्ग प्रमाणित असेल तर तो बहुधा बरोबरच होता. असा मार्ग सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावून मोजतात, तोही वळणाची आतली कड धरून, शक्य तितक्या आखूड वाटेनं. वर ०.१ टक्का जास्त धरतात, म्हणजे हाफला सुमारे २१ मीटर. तुम्ही ती आखूड वाट धावलाच नाहीत. गर्दीत इकडून तिकडे गेलात, पाण्याच्या टेबलाकडे वळलात, वळणं बाहेरून घेतलीत. त्यात घड्याळाच्या रेषेची नागमोड भर घालते. मुंबईतच पाहा: सी लिंकवर आभाळ मोकळं, तिथे रेषा सुतासारखी, आणि पेडर रोडच्या इमारतींमध्ये तीच रेषा फुटपाथवरून भिंतीत शिरते.

आता हिशोब. २ तास म्हणजे ७२०० सेकंद. भागिले २१.०९७५ (हाफचे किलोमीटर) केलं की किलोमीटरला ५:४१ येतात, पण ते रस्त्यावरच्या किलोमीटरला. तुमच्या घड्याळाचे किलोमीटर २१.४ झाले, म्हणून ७२०० भागिले २१.४, म्हणजे ५:३६. घड्याळावर ५:३६ धरायला हवे होते. ५:४१नं २१.४ धावलं की २ तास १ मिनिट ३७ सेकंद होतात. दीड मिनिट तिथे गेलं.

पुढच्या वेळी शर्यतीच्या दिवशी ऑटो लॅप (घड्याळ आपणहून दर किलोमीटरला लॅप मारतं ती सोय) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीशी स्वतः लॅपचं बटण दाबा. मग लॅपची वेळ खऱ्या किलोमीटरची येते. पडद्यावर तीनच रकाने ठेवा: एकूण वेळ, लॅपची वेळ, लॅपचा सरासरी वेग. त्या क्षणाचा वेग ठेवू नका. तो मागे-पुढे होत राहतो आणि त्याच्या नादानं माणूस उगाच झटके देत धावतो.

आणि सुरुवात. घड्याळाला उपग्रहांची कक्षा कळायला निदान अर्धा मिनिट लागतं, कारण ही माहिती उपग्रहाकडून सेकंदाला अवघे ५० बिट या गतीनं येते. फोनशी सिंक केलं की हीच माहिती काही दिवसांपुरती आधीच उतरवून घेता येते. म्हणून आदल्या रात्री सिंक करा, सकाळी मोकळ्या आभाळाखाली उभे राहा, पडद्यावर हिरवं आल्यावरही आणखी अर्धा मिनिट थांबा, मग स्टार्ट. पहिल्या किलोमीटरचा आकडा वेडावाकडा येण्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

प्रश्न: घड्याळात ‘नाविक’ (भारताची स्वतःची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा) नसेल तर चालेल? (पुणे)

चालेल. जीपीएस, रशियाचं ग्लोनास आणि युरोपचं गॅलिलिओ पुरेसे आहेत. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवर बोलतात, तर साधी घड्याळं एल-१ ऐकतात. नाविकला एल-१ मिळालं ते २९ मे २०२३ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून.

प्रश्न: आरामात, गप्पा मारत धावतानाही घड्याळ ठोके १७५ दाखवतं. डॉक्टरांकडे जावं का? (कोल्हापूर)

गप्पा मारता येत असतील तर आधी घड्याळ तपासा. मनगटाखालचा हिरवा दिवा रक्ताची लाट शोधतो. पट्टा सैल असला की त्याला रक्ताऐवजी हाताचा हेलकावा सापडतो, आणि मिनिटाला १६० ते १८० पावलं पडत असतात. घड्याळ पावलं मोजतं आणि ठोके म्हणून दाखवतं. अ‍ॅपमध्ये ठोक्यांचा आणि पावलांचा आलेख एकावर एक बसला तर कारण सापडलं.

लगेच करायची परीक्षा: थांबा, मानेवर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. थांबल्यावर ठोके उतरू लागतात, म्हणून वेळ घालवू नका. मोजून १३५ आले आणि घड्याळ १७५ म्हणत असेल तर पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर सरकवा आणि धावण्यापुरता एक भोक घट्ट करा. इंटर्व्हलसाठी छातीचा पट्टा घ्या, त्याचे पॅड आधी पाण्यानं ओले करा. मोजूनही १७५च आले, किंवा छातीत दुखलं, चक्कर आली, तर डॉक्टर.

प्रश्न: पावसाळ्यात ट्रेडमिलवर धावतो. मशिन ५ किलोमीटर म्हणतं, घड्याळ ४.४. (रत्नागिरी)

ट्रेडमिलचा मोड लावा, त्यात जीपीएस बंद असतं आणि अंतर हाताच्या हालचालीवरून निघतं. दांडी धरून धावलात तर घड्याळ उपाशी राहतं. दोन-अडीच किलोमीटरांहून मोठी धाव झाल्यावर साठवताना ‘कॅलिब्रेट’ निवडा आणि मशिनचा आकडा भरा. मशिनही दर वेळी खरं बोलतं असं नाही.

घरी आल्यावर घड्याळ साध्या पाण्यानं धुवा आणि मागच्या चार्जिंगच्या टाचण्या कोरड्या झाल्याशिवाय केबल लावू नका. घामाचं मीठ आणि वीज एकत्र आली की त्या हिरव्या पडतात, मग चार्जिंग मधूनच तुटतं.

प्रश्न: भाचा अमेरिकेहून येतोय. त्याच्याकडून स्वस्तात मागवू का? (सांगली)

आधी त्या कंपनीच्या भारतातल्या सेवा केंद्राला मॉडेलचं नाव देऊन ईमेल करा: तिकडे घेतलेल्याची वॉरंटी इकडे चालते का? उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर किमतीतला फरक निदान एक-चतुर्थांश असेल तरच मागवा. भाच्याला सांगा, बिल जपून आण आणि तिकडेच एकदा चार्ज करून, धावून बघ.