मान खाली, कान जागे

निपाणीजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय एकसष्ट. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते:

“अक्का, चाळीस वर्षं झाली, मी दोन सुयांवर विणते. संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्हीसमोर बसून विणायचं, ही जुनी सवय. दोन वर्षांपूर्वी मुलगा बदली होऊन आमच्याकडे राहायला आला. सून बैलहोंगलची, माहेर सगळं कन्नड बोलणारं. पोरगी गुणाची आहे. पण दिवसभर राबून तीही त्याच वेळेला टेकते आणि तिच्या कन्नड मालिका लावते. मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. नुसतं ऐकून काही कळत नाही आणि वर बघितलं की टाका सुटतो. नातवाच्या स्वेटरचा गळा तीनदा उसवला. मुलाला सांगितलं तर म्हणाला, ‘तुला काय गं आई, तू कुठं टीव्ही बघतीस? मान तर खालीच असतीय. आतल्या खोलीत फोन घेऊन बस की.’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही. विणताना बघायला काय चांगलं ते सांगा. आणि मला वाईट वाटलं ते चुकलं का, तेही सांगा.”

ताई, शेवटचं आधी. नाही चुकलं. दिवसातली ती दीड तासाची जागा तुमची होती. चाळीस वर्षांची होती. ती गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त लागलंय ते मुलाचं वाक्य, कारण तुम्ही काय करत होता हे त्याला कधी दिसलंच नाही. जी विणते ती कानानं बघते. दाराची कडी वाजली, पेला खाली ठेवला, कुणी हुंदका दिला, एवढ्यावर तिला चित्र दिसतं. मी शहापुरात मागाच्या खटखटीत वाढले. त्या आवाजातही आमच्या गल्लीतल्या बायका रेडिओवरचं नाटक शब्दन् शब्द ऐकायच्या आणि हातातलं सूत तुटू द्यायच्या नाहीत. मुलाला हे एकदा शांतपणे सांगा. “मी ऐकत असते रे, म्हणून भाषा कळायला पाहिजे,” एवढंच. त्यानं ते वाईट मनानं म्हटलं असेल असं मला वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय त्याला कळणारही नाही.

आतल्या खोलीत मात्र जाऊ नका. मी हे अगदी आग्रहानं सांगतेय. कानात वायर घालून एकटी बसलेली बाई महिन्याभरात घरच्यांच्या सवयीची होते, मग तिला जेवायलासुद्धा हाक मारून बोलवावं लागतं. बसायचं ते बाहेरच, सगळ्यांत.

आता विणताना काय बघावं. माझा अनुभव असा की वीण बघून कार्यक्रम निवडावा. एक सुलट एक उलट असा काठ चालू असेल, किंवा पाठीचा सपाट भाग, तर रोजची मालिका सगळ्यांत बरी. रोजच्या मालिकेत सगळं बोलून दाखवतात. काल काय झालं ते सुरुवातीला येतं, मोठं काही घडायचं असलं की आधी संगीत वाढतं, आणि तोच चेहरा तीन-तीनदा दाखवतात. संगीत वाढलं की मान वर करायची, बघायचं, पुन्हा खाली. ईटीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. त्या बारा वर्षांत माझ्या हातून घरातल्या प्रत्येकाचा स्वेटर झाला, आणि मालिकेतलं एकही वळण चुकलं नाही. गाण्याचे कार्यक्रम तर विणणाऱ्या बाईसाठीच आहेत. ‘सारेगमप’चं लिटिल चॅम्प्सचं पर्व, २००८–०९ चं, कार्तिकी गायकवाड जिंकली ते, मी जवळजवळ सगळं डोळे लोकरीवर ठेवून ऐकलं. कसोटी क्रिकेटही चांगलं. एक षटक संपलं की एक ओळ.

शेवटच्या षटकांपर्यंत ताणलेला सामना आणि बातम्यांवरची भांडणं मात्र नकोत. हात आवळतो. एकदा असा सामना बघत मी पुढचा भाग विणला. मागच्या भागावर ठेवून बघितला तर तेवढेच टाके, तीच दहा नंबरची सुई, आणि बोटभर अरुंद. सगळा उसवला. खाली पाटी वाचावी लागते असले परभाषेतले कार्यक्रमही या कामाचे नाहीत. मुलगा “खाली इंग्रजीत येतंय की” म्हणेल. पाटी वाचायची तर विणकाम बाजूला ठेवावं लागतं.

आता तुमची खरी अडचण, सुनेच्या मालिका. इथं मला एक वाट दिसते ती सांगते. काही कन्नड मालिकांची गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ तुम्ही बघितली असेल, निपाणीत कुणी बघितली नाही? कोल्हापूरकडची ती राणा-अंजलीची गोष्ट २०१६ ला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी झी कन्नडवर ‘जोडी हक्की’ म्हणून आली. ‘अग्गंबाई सासूबाई’, ज्यात सून पुढे होऊन सासूचं दुसरं लग्न लावून देते, ती २०२२ ला कन्नडमध्ये ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ झाली. गोष्ट डोक्यात असली की भाषा कानात शिरायला वेळ लागत नाही. सुनेला म्हणा, फोनवरून टीव्हीला ‘श्रीरस्तु शुभमस्तु’चे पहिले भाग लाव. महिनाभर तेवढी एकच मालिका दोघींनी मिळून बघा. मालिकेतलं कन्नड थोडक्या शब्दांवर फिरतं: अत्ते म्हणजे सासू, सोसे म्हणजे सून, मने म्हणजे घर, मदुवे म्हणजे लग्न, गंड नवरा, हेंडती बायको, सुळ्ळु खोटं. अक्का आणि अण्णा तर आपलेच. अडलं की सुनेला विचारा. लाजू नका. सासूला काही सांगायची संधी सुनेला फार थोड्या वेळा मिळते. बघा ती किती हौसेनं सांगते.

दूरदर्शनच्या कन्नड चंदन वाहिनीवर ‘थट अंत हेळी’ (म्हणजे ‘पटकन सांगा’) म्हणून प्रश्नमंजूषा आहे, २००२ पासूनची. डॉ. ना. सोमेश्वर प्रश्न आणि चारही पर्याय स्वच्छ, सावकाश वाचून दाखवतात, आणि बक्षीस म्हणून पुस्तकं देतात. कानानं शिकायला याच्यासारखं कन्नड नाही. नातवालाही मांडीवर घ्या.

आणि एखाद्या रविवारी तिघं-चौघं मिळून ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शनची जुनी मालिका लावा. हिंदीत आहे, त्यामुळे कुणी कुणाला समजावून सांगायला नको. दिग्दर्शक शंकर नाग यांनी ती कर्नाटकातल्या आगुंब्याला चित्रित केली. ते आधी मुंबईत मराठी रंगभूमीवर होते, मग कन्नडमध्ये गेले. त्यातल्या छोट्या स्वामीच्या वडलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड आहेत. ते सुरुवातीचं संगीत लागलं की माझे हात अजून आपोआप सुया शोधतात.

पण ताई, सगळं तुम्हीच जुळवून घ्यायचं असं मी म्हणत नाही. आठवड्यातले दोन दिवस सात ते साडेआठ मराठी, हे सुनेशी स्वतः बोलून ठरवा. मुलाला मध्ये घालू नका. त्याच्यामार्फत गेलेला निरोप तिच्या कानावर तक्रार होऊनच पडेल. तुम्ही पत्रात तिला “गुणाची” म्हटलंय, तेच तिच्यासमोरही म्हणा आणि मग वार ठरवा. तिला दुसरा कुठला वार हवा असेल तर तो बदला, पण दोन दिवस सोडू नका.

तिला विणायला शिकवायचं का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. तिनं विचारलं तर शिकवा. तिला नुसतं बसायचं असेल तर बसू दे, दिवसभर उभी असते ती.

थोडं कामाचं. टीव्हीच्या उजेडात काळी किंवा गर्द निळी लोकर घेऊ नका, टाका दिसत नाही. दिवा मागून डाव्या खांद्यावर येईल असा ठेवा. टाके मोजायचे ते जाहिराती लागल्या की. दर दहा ओळींनी दुसऱ्या रंगाचा धागा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा, म्हणजे चुकलं तरी तिथपर्यंतच उसवावं लागतं, तळापर्यंत नाही.

राहिला गळा. गळा टीव्हीसमोर करूच नका, कुठल्याही भाषेतला कार्यक्रम असो. तो दुपारी घ्या, नातू झोपलेला असताना, खिडकीशी बसून. तीनदा उसवलेली ती लोकर आता वाकडी झाली असेल. तिची लड करून कोमट पाण्यात बुडवा, न पिळता सावलीत वाळवा आणि मगच पुन्हा गुंडा करा, नाहीतर टाके खालीवर दिसतील. आणि टाके बंद करताना सुई एक नंबर जाड घ्या, दहाची असेल तर नऊची. चार वर्षांच्या पोराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. गळा घट्ट झाला तर तो स्वेटर घालताना रोज रडेल.