एवढ्यात घाट धरू नकोस

भावा, आपला दोस्त बाईकच्या अपघातात गेला. रक्षाविसर्जन झालं की पाहुणे पांगतात आणि खरं अवघड तिथून सुरू होतं. गगनबावड्याच्या घाटाकडं एवढ्यात गाडी काढू नकोस. झोप उडालेली असली की ब्रेकवर हात उशिरा पडतो. त्याच्या आठवणीत पोरं पन्हाळ्याला रॅली काढायचं म्हणतील. मला ते अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा त्याच्या घरी जा. काकूंजवळ बस, त्याच्याबद्दल बोल. नाव टाळलं की त्यांना जास्त लागतं. काकांना कागदपत्रांत मदत कर: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, विम्याची प्रत. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा करायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत आहे. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी सरकारी योजनेतून २ लाख रुपये मिळतात. दुःखात हे कुणाला सुचत नाही, म्हणून तू लक्ष घाल.

‘त्या दिवशी त्याला अडवायला हवं होतं’ हे रात्री डोक्यात फिरणारच. एकटा सोसू नकोस, कितीही वाजले तरी मला फोन कर. माझ्याशी बोलवत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लाव; मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि जेवण-झोप रुळावर येईचना, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात दाखवू. मी येतो सोबत.