ऑक्टोपसची आई उपाशी राहून मरते का?

प्रश्न: माझी मुलगी चौथीत आहे. तिने मोबाईलवर व्हिडिओ बघितला की ऑक्टोपसची आई अंडी घातल्यावर खायचं सोडते आणि पिल्लं बाहेर यायच्या सुमारास मरते. त्या दिवशी जेवलीच नाही, आणि आता रोज विचारते की तिला कोणी खायला का देत नाही? आणि मरायच्या आधी तिला पिल्लं दिसतात का? आमच्याकडे माकूळ (कटलफिश) नेहमी येतं, त्याचंही असंच असतं का?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर: ताई, व्हिडिओत सांगितलंय ते खरंय, पण अर्धं. ती खात नाही हे बरोबर, पण फक्त उपासाने मरते असं नाहीये, आणि खायला देऊन ती वाचतही नाही.

बहुतेक जातींची ऑक्टोपस मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते आणि मग कपारीत त्यांच्याजवळ बसून राहते. कोंबडीसारखी ऊब द्यायची नसते, राखण करायची असते, म्हणजे अंड्यांवर घाण बसू नये म्हणून भुजांनी ती सारखी साफ करायची, अंगातल्या नळीतून पाणी सोडून त्यांना ऑक्सिजन पोचवायचा, खेकडा वगैरे कोणी जवळ आला तर हाकलायचा. सुरुवातीला ती अगदी समोर आलेलं भक्ष्य खाते, मग तेही बंद होतं, मग रंग फिका पडतो, अंग सुकतं. टाकीत ठेवलेल्या माद्या तर शेवटी शेवटी स्वतःच्याच भुजांची टोकं खाताना दिसल्यात (हे लेकीला सांगू नका).

आता हे कोण करतं? मेंदू आणि डोळ्यांच्या मधे दोन बारीकशा ग्रंथी असतात, त्यांना ऑप्टिक ग्लँड म्हणतात, आपल्या मेंदूतल्या पिट्युटरी या हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथीसारखं काम करतात. 1977 साली अमेरिकेत जेरोम वोडिन्स्की यांनी अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या या दोन्ही ग्रंथी ऑपरेशन करून काढल्या, तर त्या माद्यांनी अंडी सोडून दिली, परत खायला लागल्या, वजन वाढलं आणि इतरांपेक्षा कितीतरी जास्त जगल्या. मला हा प्रयोग या विषयातला सगळ्यात मोठा वाटतो, कारण यातून कळलं की तिला भूक लागतेय आणि ती मन मारून बसलीये असं नाही, खायची इच्छाच आतून बंद केली जाते.

त्या ग्रंथी नेमकं काय सोडतात हे मात्र खूप उशिरा कळलं. 2022 मधे यान वांग आणि क्लिफ्टन रॅग्सडेल यांच्या टीमला दिसलं की अंडी घातल्यावर तिथे कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या रसायनांचा सगळा कारभारच बदलतो. प्रोजेस्टेरॉनसारखी स्टिरॉइड वाढतात, आणि 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थही वाढतो. हा पदार्थ माणसात जन्मतः जास्त साठला तर एक गंभीर आजार होतो आणि त्या मुलांमधे स्वतःला इजा करून घेण्याची सवय दिसते. इतक्या लांबच्या दोन जीवांत एकच रसायन, मला तर वाचून काटा आला होता. पण आई मेल्याने फायदा काय, याचे अजून अंदाजच आहेत. ऑक्टोपस एकमेकांना खातात, तेव्हा मोठे बाजूला झाले तर पिल्लं वाचतात, हा त्यातला एक. आणि मरते ती आईच असं नाही बरं का, नरही वीण झाल्यावर असेच खंगून जातात.

"खायला का देत नाही" याचं उत्तर तर कॅलिफोर्नियात मिळालंय. तिथे मॉन्टेरे बेच्या खोल दरीत, सुमारे 1,400 मीटरवर, ब्रूस रॉबिसन यांच्या टीमला मे 2007 मधे एक मादी खडकावर अंड्यांवर बसलेली दिसली. अंगावरच्या व्रणांमुळे ती दर वेळी ओळखू यायची. पाणबुडी रोबोट साधारण साडेचार वर्षांत 18 वेळा खाली गेला, एकदा रोबोटच्या हाताने खेकड्याचे तुकडेही पुढे धरले, तिने ढुंकून बघितलं नाही. सप्टेंबर 2011 पर्यंत ती तिथेच होती, म्हणजे 53 महिने! इतका वेळ का, तर तिथलं पाणी साधारण 3 अंशांचं, थंडीत अंड्यातली वाढ फार हळू होते. त्याच किनाऱ्यापासून पुढे डेव्हिडसन नावाच्या समुद्राखालच्या डोंगराजवळ हजारो माद्या कोमट पाण्याच्या झऱ्यांपाशी अंडी घालतात, 2018 मधे ती जागा सापडली, आणि तिथे हेच काम दोन वर्षांच्या आत उरकतं.

माकुळाचं विचारलंत. नळ (स्क्विड), माकूळ, ऑक्टोपस सगळे एकाच कुळातले. आपल्याकडे जाळ्यात येणारं माकूळही वर्ष-दीड वर्षच जगतं, आणि अंडी झाली की साधारण तिथेच संपतं. फरक इतकाच की ते राखण करत बसत नाही, अंडी खाली चिकटवून निघून जातं. सगळेच असे नसतात पण, शंखात राहणारा नॉटिलस त्यांचाच नातेवाईक, तो 20 वर्षं जगतो आणि अनेकदा अंडी घालतो.

राहिलं पिल्लं दिसतात का. अनेक जातींत दिसतात, अंडी फुटेपर्यंत ती टिकून असते, आणि पॅसिफिकमधली मोठी ऑक्टोपस तर शेवटच्या ताकदीने पाण्याचा झोत सोडून पिल्लांना कपारीबाहेर ढकलते. मॉन्टेरेची ती मादी मात्र ऑक्टोबर 2011 मधे रोबोट गेला तेव्हा नव्हती. खडकावर अंड्यांची रिकामी टरफलं होती, म्हणजे पिल्लं निघून गेली होती, लेकीला एवढं नक्की सांगा.